आईचा पासवर्ड आणि माझा नंबर

आमच्या घरी राउटर मांडणीवर होता. मांडणी म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीला ठोकलेला स्टीलचा उघडा रॅक. त्यावर हंडे, कळशा, पराती, डबे, सगळे तोंड दिसेल इतके घासलेले. त्यात अगदी मधोमध, मोठी परात आणि कळशी यांच्यामध्ये, दोन अँटेना वर करून हा बसला होता. धूळ बसू नये म्हणून डोक्यावर क्रोशाचा रुमाल. मी शनिवारी संध्याकाळी पुण्याहून आले, हे दृश्य पाहिलं आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता ओरडले, "आई, हे काय केलंस?"

"काय केलं? घरातली चांगली वस्तू चांगल्या जाग्यावर ठिवायची का चुलीम्होरं?"

मला चिडायला वेळ लागत नाही, आणि त्या दिवशी कारणही होतं. सोमवारी सकाळी दहा वाजता माझी परीक्षा होती. मुलांना ऑनलाइन गणित शिकवणाऱ्या एका कंपनीला घरून शिकवणारे शिक्षक हवे होते. त्यांची अट एकच. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या नेटवर तासभर शिकवून दाखवा, चित्र अडकता कामा नये. जमलं तर नोकरी, आणि नोकरी मिळाली तर पुण्याची खोली सोडून मी कायमची घरी येणार होते. बाबा गेल्यापासून आई एकटी होती. मी शनिवारी यायचे आणि रविवारी संध्याकाळी कामशेतला जाऊन लोकल पकडायचे. दर रविवारी आई डबा भरून द्यायची आणि मी वळणाआड जाईपर्यंत ओट्यावर उभी राहायची. मला ते आता सोसत नव्हतं. मला घरी यायचं होतं.

आमचं गाव आंदर मावळात. मोबाइलची रेंज शाळेमागच्या टेकाडावर चढलं तर मिळते. पण या वर्षी खांबांवरून नेटची वायर आली आणि पहिलं कनेक्शन आम्ही घेतलं. म्हणजे सगळी मदार त्या रुमालाखालच्या डबीवर. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला चेव चढला होता. राउटरच्या आत शिरून त्याला वठणीवर आणायचं मी येतानाच्या गाडीतच ठरवलं होतं.

मी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. शिकवायला तीच एक शांत जागा. लॅपटॉपवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"आई, पासवर्ड कुणाकुणाला दिलायस?"

"कुनाला न्हाई दिला ते इचार," आई मोठ्या ऐटीत म्हणाली. "आपली आळी, वरची आळी, दूधवाला. परवा मीटर बघायला आला त्यालाबी दिला. पोरगं उन्हातनं आलतं."

मी कपाळाला हात लावला.

रविवारी सकाळी आधी राउटर मांडणीवरून उतरवला. इतक्या स्टीलच्या गराड्यात लहरी बाहेर पडायच्या कशा? मागच्या खोलीच्या दाराच्या वर बाबांनी कधीकाळी ठोकलेला एक दणकट खिळा होता, तिथं त्याला टांगला. आईला तो शुद्ध अपमान वाटला. "खुट्टीवर? बैलाची घुंगुरमाळ हाय का ती?" पण मी मागच्या खोलीत गेले आणि लॅपटॉपवर काल एक रेघ दिसत होती तिथं सगळ्या रेघा उभ्या राहिल्या. मी तिथंच नाचले.

"लगीन ठरल्यावानी काय नाचतीस!" आई म्हणाली, पण हसत होती.

मग राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे आकडे वाचून त्याचं पान उघडलं. वर लिहिलेलं, 'अ‍ॅडव्हान्स्ड'. जाणकारांनीच इथले बदल करावेत, अशी खाली ताकीदही होती. अशी ताकीद दिसली की माझे हात शिवशिवतात. आत दोन प्रकारच्या लहरींचं खातं होतं. एक लांबवर जाणारी पण हळू, दुसरी जोरात पळणारी पण भिंत मध्ये आली की दम टाकणारी. राउटर आता मागच्या खोलीच्या दारावरच असल्यामुळे माझा लॅपटॉप मी त्या पळणारीवर घेतला. मग लहरींचा मार्ग, म्हणजे चॅनेल, बदलून पाहिला, तर अख्खं पानच गायब झालं. थोड्या वेळानं ते आपलं आपण परत आलं, तेव्हा कळलं की मार्ग बदलताना तो जरा झोपतो आणि उठतो. हे कुणी आधी सांगत नाही.

जेवणं झाली, आळी आडवी झाली आणि सगळ्यांच्या हातात फोन आले. मी पुण्याच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "तू पुतळा झालीयेस. तोंड उघडं, एक हात वर." म्हणजे लहरी सुधारल्या तरी वायरीतून येणारं नेट तेवढंच होतं, आणि पिणारी तोंडं आळीभर.

यावर उपाय मला पानावर दिसला आणि मी जवळजवळ किंचाळले. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क! आई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. मी लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी बसले आणि भराभरा सांगू लागले, "बघ, वायर तीच. पण आपलं नेट वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं. त्यांचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, वेग बेतानं. त्यांना मिळेल, पण आपल्यात यायचे नाहीत."

आईचा हात सुपात थांबला.

"म्हंजी आपला कप येगळा आन् त्यांचा येगळा."

"तसं नाही गं."

"तसंच हाय. तुझ्या आज्याला हाटेलात च्या मिळायचा तो भाईरच्या कपात. तो कप खिडकीत ठिवल्याला असायचा. आपुन घ्यायचा, च्या वरनं वतनार, पिऊन झाल्यावं आपुनच धुवून परत खिडकीत ठिवायचा. मी बारकी हुते, त्याचं बोट धरून हुबी ऱ्हायचे."

आम्ही बौद्ध. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत नव्हते, पण राउटरच्या संदर्भात ती येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "अगं, इथं उलटं आहे. आपण देतोय."

"देनाऱ्याला काय बी वाटत न्हाई. घेनाऱ्याला कळतं." तिनं सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. "वरच्या आळीच्या आक्का हितं ओट्यावं येऊन बसत्यात नातवाला फोन लावायला. त्यांच्या घरी म्या आजवर उंबरा वलांडला न्हाई, त्यांनी कदी बलावलं न्हाई. पर त्या येत्यात. आपल्या माठातलं पानी पित्यात. त्यांला आता खिडकीतला कप दिऊ?"

मला राग आला. ती बरोबर बोलत होती म्हणून जास्त आला. "मग माझी नोकरी गेली खड्ड्यात!" असं म्हणून मी लॅपटॉप उचलला आणि पाय आपटत आत गेले. मागच्या खोलीत जरा वेळ फुरंगटून बसले. मग हात पुन्हा शिवशिवू लागले.

पानभर खालीवर करता करता एक खण सापडला. त्यात जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नावं होती आणि प्रत्येकासमोर एक बारीक खटका. खटका दाबला की त्या यंत्राचा मान पहिला. नेट सगळ्यांना एकच, नाव एक, पासवर्ड एक. फक्त गर्दी झाली की ज्याचा खटका दाबलेला, त्याचं आधी. मी धावत ओट्यावर आले.

"आई, नळ एकच. हंडे सगळ्यांचे. फक्त माझा हंडा पुढं, दहा ते अकरा!"

"नंबर लावायचा, व्हय?" आईनं विचार केला. आमच्याकडे नळावर रांग लागली की कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाला गाडी गाठायची आहे, त्याला पुढे सोडतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. "ह्ये चालंल. किती येळ?"

"एक तास, दोन तास किंवा कायम, असं विचारतंय."

"कायम कशाला? काम झालं की हंडा बाजूला घ्यायचा."

तेव्हा दोन तास ठरले. पण त्याआधी राउटरला एकूण वेग किती आहे तो आकडा भरून द्यायचा होता. आमचं कनेक्शन चाळीसचं, म्हणून मी चाळीस लिहिलं आणि ऐटीत बटण दाबलं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. तिथं आकडा हजारपट करून हवा होता. चाळीस हजार लिहायच्या जागी मी चाळीस लिहिले होते. अख्ख्या आळीच्या नेटची मी एका बोटानं धार तोडली होती.

पहिली आली शेजारची वहिनी, कडेवर पोर. "नेट गेलं का ओ मावशी?" तिच्या मागून तिचा नवरा. मग खळ्यात भात झोडत होती ती माणसं पेंढा झटकत आली. भात झोडताना त्यांचं नेटवर काय चाललं होतं ते मी विचारलं नाही. जो तो उपाय सांगू लागला. बंद करून चालू कर. वायर हलवून बघ. परत मांडणीवर ठेव, तिथं चांगला चालत होता, हे म्हणताना आईनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी वरच्या आळीच्या आक्का, मी त्यांना आजी म्हणते, धापा टाकत आल्या. त्यांचा नातू लोणावळ्याला भुशीकडच्या एका हॉटेलात कामाला, रजा मिळायची मारामार.

"बोलता बोलता थांबलाच बाय त्यो," आजी घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या. "डोळं मिटल्यालं आन् त्वांड उघडं. तसाच ऱ्हायला."

"आजी, तो ठीक आहे. मी आकडा चुकवला."

सगळ्यांच्या समोर, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन, मी तीन शून्यं वाढवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग ओट्यावरचे सगळे फोन एकदम वाजू लागले, कुणाची बातमी, कुणाचं गाणं, आणि आजींच्या हातातला नातू "हॅलो, हॅलो आजी" करू लागला. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, आणि त्याही मीच घातलेला घोळ निस्तरल्याबद्दल.

सोमवारी साडेनऊला मी माझ्या लॅपटॉपसमोरचा खटका दाबला. लॅपटॉपचंच नाव आहे ना, ते दोनदा तपासलं. दहाला पडद्यावर कंपनीच्या एक बाई आणि एक गृहस्थ आले. ते विद्यार्थी होऊन बसणार होते. विषय अपूर्णांक. पहिली दहा मिनिटं मी काय बोलले ते मला आठवत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून मी फक्त चित्र हलतंय का ते बघत होते.

आणि ऐन मध्यावर ओट्यावरून आवाज आला. भिंती भेदून, दोन दारं ओलांडून, माझ्या माइकमध्ये. आजी! हॉटेलातला नाश्ता उरकला की नातवाला तेवढीच फुरसत मिळायची, म्हणून त्या या वेळी यायच्या.

"आरं, तुझं त्वांड चौकोन चौकोन का दिसतंय? काय लावलंयस त्वांडाला?"

"थांबा जरा आक्का," आईचा आवाज. "आज लेकीचा नंबर हाय. दमानं येतंय तुमचं."

"मंग आदी सांगायचं न्हाई का! बोलू दे तिला. ए, तू बी हळू बोल रं!" हे त्यांनी आधीपेक्षा मोठ्यानं नातवाला बजावलं.

पडद्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मागे कोण आहे?"

खोटं काय सांगणार? "शेजारच्या आजी आहेत. नातवाला व्हिडिओ कॉल करतायत. माझ्याच नेटवरून."

बाई पुढे झुकल्या. "एकाच कनेक्शनवर? पण तुमचं चित्र तर एकदाही अडकलं नाही."

त्यांनी एवढं म्हटलं मात्र, माझी भीती पळाली. मी फळ्यावरचं खोडलं आणि लिहिलं, चाळीस. ही आमची आळी, म्हटलं. यातला एक अष्टमांश भाग मला आधी हवा, तर पाच. उरले पस्तीस. ते सात घरांत कसे वाटायचे? आता एक घर वाढलं, प्रत्येकाचा वाटा किती झाला? ते दोघं खरोखर वहीत गणितं करू लागले. गृहस्थांचं उत्तर चुकलं आणि बाईंनी त्यांना हसत चूक दाखवली. तास कधी संपला कळलंच नाही.

मी लॅपटॉप बाजूला केला, खटका काढला आणि ओट्यावर आले. आजी फोन डोळ्यांशी धरून बसल्या होत्या. "आत्ता दिसला! दाढी कवा वाढीवलीस रं?" त्या म्हणाल्या. आई त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, त्यांच्या फोनमध्ये डोकावत होती. मला कुणीच काही विचारलं नाही.

दुपारी नेटवरूनच त्या बाईंचा फोन आला. पुढच्या सोमवारपासून शिकवायला लागा, म्हणाल्या. मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नोकरी मिळाली, खोली सोडते, महिनाअखेरीला सामान आणते.

मी संध्याकाळी निघणार, म्हणून आई रात्रीचा एकटीपुरता तांदूळ डब्यातून काढत होती. "म्हंजी हितंच ऱ्हानार?"

"हो."

"शनवार-आयतवार?"

"रोज, आई. रोज."

तिनं पदरानं डोळे पुसले, मापटं पुन्हा डब्यात घातलं, आणि पातेल्यात आणखी एका माणसाचा तांदूळ ओतला.