मी एकही ऑपरेशन पाहिलेलं नाही

अकरा वर्षं मी एकाच स्टुलावर बसलो, पेशंटच्या उशाशी. एवढा वेळ एका जागी बसलं की किस्से आपोआप साठतात. टाकणार कुठे?

रेवदंड्याच्या बाजूला आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. मी कंपाउंडर. ते दिवस क्लोरोफॉर्मचे. तारेच्या जाळीवर फडकं, ती जाळी पेशंटच्या नाकावर, आणि वरून थेंब थेंब औषध. डॉक्टर कापणार, मी झोपवणार.

पहिल्याच वर्षी मी मान उंच करून बघत होतो, हर्निया दिसतो कसा. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "रक्त काळं का येतंय?"

मी खाली पाहिलं. पेशंटचे ओठ निळे. डॉक्टरांनी धावत येऊन त्याचा जबडा पुढे ओढला, जीभ चिमट्याने बाहेर काढली, छाती दाबली. बऱ्याच वेळाने श्वास आला. मग हात पुन्हा धुऊन त्यांनी ऑपरेशन पुरं केलं आणि एवढंच म्हणाले, "माझे हात तू बघू नकोस. ते मी बघतो."

पेशंटचं नाव धर्मा पाटील. तो बरा होऊन शेतावर गेला. माझ्या डोळ्यांपुढून ते ओठ काही गेले नाहीत. त्या दिवसापासून मी पेशंटच्या हनुवटीपलीकडे पाहिलेलं नाही.

*

याचा एक तोटा झाला. उशाशी बसल्यामुळे मला सगळे चेहरे उलटे दिसायचे, आणि तसेच पाठ झाले.

चौलच्या बाजारात एका गृहस्थाने मला अडवलं. "कंपाउंडर, वलखलं न्हाय?"

"न्हाय. जरा आडवे व्हा."

तो बिचारा वाण्याच्या ओट्यावर आडवा झाला. मी डोक्याशी जाऊन उभा राहिलो.

"अरे, धर्मा पाटील! बरे आहात ना?"

*

ऑपरेशनला उपाशी यायचं, हे लोकांना पटवणं ऑपरेशनपेक्षा कठीण. झोपेत उलटी श्वासात गेली तर माणूस जातो. एका पेशंटने जाळी ठेवल्याबरोबर वाटीभर पेज बाहेर काढली. नशीब, तेव्हा जागा होता. डॉक्टर संतापून बाहेर गेले. त्याची आई शांतपणे बसली होती.

"पेज कोणी दिली?"

"मीनी. उपाशी गेला असता तं पिंडाला कावला शिवला असता काय?"

पुढे डॉक्टर प्रत्येक पेशंटला विचारू लागले, तुला काय खावंसं वाटतं, आणि ते जाग आल्यावर देण्याचं कबूल करायचे. पेशंट उपाशी येऊ लागले. डॉक्टरीणबाईंना मात्र रोज नवा स्वयंपाक.

*

डॉक्टरांकडे विलायतेहून एक मासिक यायचं, दोन महिने शिळं. त्यात आलं, की दर पाच मिनिटांनी नाडी लिहून ठेवावी. माझा एक हात बाटलीवर, दुसरा हनुवटीखाली, नाडी पेशंटच्या कानाजवळ टेकलेल्या बोटाला लागायची. लिहिणार कशाने? डॉक्टर म्हणाले, "मोठ्याने बोल. नर्सबाई लिहितील."

ऑपरेशन मुतखड्याचं होतं. खिडकीबाहेर पेशंटचे दोघे भाऊ. मी आत म्हणतोय, "बहात्तर. शहात्तर." बाहेर लोक जमले. एवढे खडे पंचक्रोशीत कोणाला झाले नव्हते.

मग नाडी उतरली. मी म्हणालो, "सत्तर."

खिडकीतून आवाज आला, "ओ डॉक्टर, सहा परत आत टाकले काय?"

*

एक कोळी तांडेल काही केल्या झोपेना. आपली होडी दुसऱ्याच्या हाती दिलीच नव्हती त्याने कधी. जाळी बाजूला सारून विचारतो, "सुकानावर कोन हाय?"

"मी."

"जाल्यान् काय गावलं ते बघशील का दर्या बघशील?"

"दर्या."

तेवढ्यावर झोपला.

*

मग एका पावसाळ्याअखेरी डॉक्टरांच्याच पोटात दुखू लागलं. निदान त्यांनी स्वतःच केलं, अपेंडिक्स. मुंबईहून त्यांचे वर्गमित्र बोटीने आले, मोठे सर्जन. क्लोरोफॉर्म कोण देणार, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

"कंपाउंडर?"

"हाच."

अकरा वर्षं तो चेहरा मी रोज सुलट पाहिला होता. उलटा पाहिला आणि कोणी परका माणूसच वाटला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. जाळीखाली डॉक्टर एकोणीसपर्यंत आकडे मोजून थांबले.

सर्जनांचा हात विलक्षण असावा. मध्येच म्हणाले, "कंपाउंडर, इकडे बघ. फुटायच्या बेतात होतं. असं पुन्हा दिसायचं नाही."

"नको साहेब."

"अरे, क्षणभर."

"नको."

दुपारी डॉक्टरांनी डोळे उघडले. ओठ सुकले होते, मी ओलं फडकं लावलं.

"कसं होतं अपेंडिक्स?"

"माहीत नाही."

"छेद केवढा घेतला?"

"माहीत नाही."

"म्हणजे तू काहीच पाहिलं नाहीस?"

"नाही."

"मग झोपतो," म्हणाले, आणि झोपले.