पहिले हजार किलोमीटर आणि ताईचा साखरपुडा

माझ्या सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला धरणगावहून निघालेले सगळे लोक वेळेवर धुळ्याला पोहोचले. उशीर झाला तो एकट्या मला, आणि नवी कोरी गाडी फक्त माझ्याकडे होती.

आधी माझी बाजू ऐका. मी पत्रकं काढतो. खड्ड्यांवर, देवळाच्या भोंग्यांवर, जेवणाच्या सुट्टीनंतर न उघडणाऱ्या सरकारी खिडक्यांवर. 'जागे व्हा!' हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की छापखानेवाल्याने त्यांचा साचा तयारच ठेवलाय. अशा माणसाच्या हाती आमच्या आबांनी नव्या गाडीची किल्ली आणि गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक एकाच दिवशी दिलं. (गाडी आबांची, हौस आबांची, घरात गाडी चालवता येते ती मात्र मला एकट्याला. इथेच सगळं चुकलं.)

जळगावच्या शोरूममधला विक्रेता किल्ली देताना म्हणाला होता, "पहिले हजार किलोमीटर जरा जपून चालवा, इंजिन मोकळं होऊ द्या."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे... जरा!" असं म्हणून त्याने माझ्या तोंडात पेढा घातला. ग्राहकाने नेमका प्रश्न विचारला की त्याला पेढा भरवून गप्प करायचं! मी संतापाने पेढा गिळला आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: ऐंशीच्या वर जाऊ नका, ॲक्सिलरेटर एकदम दाबू नका, गाडीवर फार वजन लादू नका. मी पेटलोच. त्याच दिवशी पत्रक तयार झालं: 'नव्या इंजिनाचा छळ थांबवा!' दोनशे प्रती काढल्या आणि एक गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवली.

आता ऐंशी हा आकडा कंपनीचा. कंपनीच्या आकड्यावर विश्वास ठेवायला मी काय दूधखुळा आहे? मी त्याचं निम्मं केलं. चाळीस!

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात वैशूताईचा साखरपुडा आला. ताई धुळ्याच्या कॉलेजात शिकवते. नीलेशही तिथेच शिकवतो. दोघांचं ठरलं होतं, पण नीलेशच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, राजी करण्यात ताईची दोन वर्षं गेली होती. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते, सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. वेळेच्या बाबतीत कडक. होकार देतानाच त्यांनी आबांना बजावलं होतं, "अकरा वीसचा मुहूर्त आहे. ज्या घराला वेळ पाळता येत नाही त्या घरची मुलगी मी करणार नाही. मग तुम्ही हॉल घ्या नाहीतर मंडप घाला."

आई-आबा तयारीसाठी आदल्या दिवशीच धुळ्याला गेले. उरलेले नातेवाईक एका मिनी बसने निघाले. त्यातल्या चौघांना नव्या गाडीत बसायचं होतं. मी त्यांना वजनाचं कलम दाखवून खाली उतरवलं. (त्यातली एक माझी सख्खी मावशी होती. ती अजून बोलत नाही.) गाडीत आम्ही तिघंच: मी, शालू नेसलेली, अंगठीची डबी मांडीवर घेतलेली ताई, आणि मागे आबांचे थोरले भाऊ, आमचे नाना. नाना शेतकरी. त्यांनी आयुष्यात चौदा बैलजोड्या तयार केल्यात आणि जगातली कुठलीही वस्तू ते त्याच नजरेने बघतात.

आठला निघायचं होतं, निघालो नऊला. लिंबू, नारळ, हळदीकुंकू, आणि मग मी इंजिनाला दिलेला विश्रांतीचा वेळ. ताई म्हणाली, "अजून निघालोच नाही, विश्रांती कसली?"

"मानसिक," मी म्हणालो.

पहिल्या पाच किलोमीटरमध्ये आम्हाला मिनी बसने मागे टाकलं. मावशीने खिडकीतून हात हलवला. त्या हात हलवण्यात जिव्हाळा नव्हता. मग कापसाचा टेम्पो गेला. मग एक ट्रॅक्टर गेला, आणि त्याच्यामागे ट्रॉली होती!

नाना पुढे वाकले. "अरे पशा, हाई गाडी शे का गोगलगाय? बठ्ठा लोके पुढे निंघी ग्यात!"

"नाना, इंजिन नवं आहे. हळूहळू घडू द्यावं लागतं."

"नवा गोऱ्हाले पहिलाच दिन औतले धरतस. मांगे लाकूड बांधतस नि चांगला दोन एकर फिरावतस. लाड कयात ते तो जलमभर बशीच राहस!"

"नाना, हे इंजिन आहे. आत बैल नाही."

"मंग चढवर हंबरस कसाले?"

हंबरत होतं, हे खरं. इंजिनावर ताण नको म्हणून मी चाळीसच्या वेगात पाचवा गिअर टाकून ठेवला होता आणि चढ आला की बॉनेटखालून खरोखरच गोठ्यातल्यासारखा आवाज यायचा. मी त्याला 'इंजिन मोकळं होतंय' असं नाव दिलं होतं.

एरंडोलला मी गाडी थांबवून बॉनेट उघडलं. पंधरा मिनिटं थंड करायची, हा नियम पुस्तकात नव्हता; तो मी जनहितार्थ वाढवला होता. तेवढ्यात धरणगाव-धुळे काळीपिवळी चालवणारे सलीमभाई शेजारी येऊन थांबले. जीपमध्ये पंधरा-सोळा माणसं, टपावर दोन सायकली.

"काय झालं भाऊ? बंद पडली? ढकलू का?"

"बंद नाही, थंड करतोय."

"गरम कधी झाली?"

या प्रश्नावर जीपमधली सगळी माणसं हसली. ताई हसली नाही. ती घड्याळाकडे बघत होती. मी मात्र संधी साधून जीपमध्ये वीस पत्रकं वाटली.

पुढे पारोळ्यापर्यंत जे झालं ते लिहितानाही हात जड होतो. सलीमभाई वाटेत प्रत्येक फाट्यावर थांबत होते, माणूस उतरवत होते, माणूस चढवत होते, एका ठिकाणी तर त्यांनी चहा घेतला. आणि तरी दर वेळी ते आम्हाला पुन्हा गाठून पुढे जात होते! तिसऱ्यांदा पुढे जाताना जीपमधून कुणीतरी माझं पत्रक मोठ्याने वाचत होतं: "छळ थांबवाऽऽ!"

नीलेशचा फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकला.

"वैशू, कुठे आहात? अण्णा दारात खुर्ची टाकून बसलेत. घड्याळ हातात काढून घेतलंय."

"पारोळा यायचंय अजून," ताई म्हणाली.

"अजून? गाडी बिघडली का?"

"नाही," ताई अगदी शांतपणे म्हणाली, "भाऊ बिघडलाय."

मी तिला समजावायला लागलो. एका दिवसाच्या घाईसाठी आपण यंत्राच्या पंधरा वर्षांचा बळी देतो, ही आपल्या समाजाची मानसिकता बदलली पाहिजे, वगैरे. ताईने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पशा, मी दोन वर्षं त्या माणसाच्या पाया पडलेय. दोन वर्षं! आणि माझं लग्न तू पाचव्या गिअरमध्ये मोडतोयस. ऐंशीने चालव. पुस्तकात ऐंशी आहे ना? तेवढंच मागतेय."

तिचं बरोबर होतं. मला ते कळलं. आणि तरीही, का ते देव जाणे, माझा पाय काही खाली गेला नाही. तत्त्व एकदा छापून झालं की मागे घेता येत नाही हो!

पारोळ्याला मी पुन्हा बॉनेट उघडायला उतरलो. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बॉनेट टेकवून मागे वळलो तर गाडी रिकामी. पलीकडे सलीमभाईंची काळीपिवळी उभी. ताई शालू आवरून पुढच्या सीटवर चढत होती आणि पुढे बसलेली दोन माणसं आपण होऊन मागे लटकायला जात होती. सलीमभाई ओरडले, "सरका, सरका! नवरी आहे! आता मधे कुठेच थांबणार नाही!"

"नाना, तुम्ही तरी!" मी हाक मारली.

"मी बी चालनू," नाना टपावर चढताचढता म्हणाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस दोन सायकलींच्या मधोमध बसला. "तू धीरे धीरे ये. त्याले चारा-पानी कर!"

मी धुळ्याच्या हॉलवर पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. ताई अकरा पाचला पोहोचली होती, मुहूर्त साधला गेला होता, आणि सलीमभाई पहिल्या पंगतीत जिलबी खात होते. बाकी सगळे मला बघून आपापल्या पानात जेवत राहिले. आबांनी तर नजरही वळवली नाही. शिव्या परवडल्या असत्या.

अण्णा तेवढे उठून माझ्याबरोबर गाडीपाशी आले. मला वाटलं, वर्कशॉपचा माणूस, याला तरी माझी कळकळ कळेल. मी सगळं सांगितलं. चाळीस. पाचवा गिअर. एकच वेग, काटा जराही न हलवता, धरणगाव ते धुळे!

अण्णांनी चष्मा लावला, पुस्तकातलं तेच पान काढलं आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. 'सुरुवातीच्या काळात गाडी सतत एकाच वेगाने चालवू नये. वेग कमी-जास्त करत राहावा. वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडवू नये.'

"हे वाचलं नव्हतं?"

नव्हतं. पत्रकात तीनच मुद्दे असावेत, चौथा कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव आहे. मीही वाचला नव्हता.

"तुमचे नाना मघाशी पंगतीत काय सांगत होते," अण्णांनी पुस्तक मिटत विचारलं, "औताला धरा म्हणून? ते तुमच्यापेक्षा बरे ठरले असते." मग दोन मिनिटं ते बॉनेटखाली कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी वाचलीय. दणकट आहे बिचारी."

ताईचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. गाडीतून वऱ्हाड आणायचं, आहेर आणायचा, भटजींना आणायचं, असली कामं सलीमभाईंकडे गेलीत. मला एकच काम मिळालंय, तेही अण्णांनी स्वतः सुचवलेलं आणि दोन्ही घरांनी एकमताने मंजूर केलेलं: वरातीत नवरदेवाला बसवून ही नवी गाडी मी चालवायची. पुढे बँड, मागे नाचणारी पोरं, मधे मी. सगळ्यांची खात्री आहे की या वेगाला असा मुरलेला ड्रायव्हर खान्देशात दुसरा मिळणार नाही. पुस्तकाच्या त्याच पानावर पाचवी ओळ आहे: 'इंजिन जागेवर फार वेळ चालू ठेवू नये.' ती मी वाचलीय. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कुणालाही न सांगता गप्प बसलोय.