पहिली घंटा आणि दोन डाव्या बाह्या

मास्तरांना सगळी मंडळी 'पहिली घंटा' म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत हा माणूस पुढच्या बाकावर हजर. कधी कधी तर घंटा वाजवणाऱ्यालाच दार उघडून द्यायचा. शिवणकामाचं दुकान, नाकावर चष्मा, गळ्यात मापाची टेप आणि तोंडात सदान्‌कदा भक्तिगीत. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की छाती मोजता मोजता मास्तर विचारायचे, "रविवारी काय करता?" अहो, दोन्ही हात वर करून उभा असलेला माणूस पळणार तरी कुठे!

बरं, माणूस ढोंगी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आजाऱ्याच्या उशाशी बसायला, मयताला खांदा द्यायला, चर्चचे पडदे फुकटात शिवायला मास्तर सगळ्यांच्या आधी. हातचं राखून काही करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "देवाचं काम अर्ध्या मनानं करायचं असेल तर करूच नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फक्त घरचं माणूस तेवढं मागच्या बाकावर. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

घरचं माणूस म्हणजे एकुलती एक मुलगी. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर कामाला होती, आणि शनिवारी तिचं लग्न होतं. आईच्या लग्नातला पांढरा साटीनचा झगा उसवून बाबांनी तिच्या मापाचा नवा शिवायचा, असं ठरलं होतं. तिची अट एकच. बाह्या मनगटापर्यंत हव्यात.

ही अट का, ते अख्ख्या मंडळीला माहीत होतं. सहा वर्षांची असताना दुकानातली तापलेली इस्त्री तिच्या उजव्या हातावर पडली होती. कोपरापासून मनगटापर्यंत डाग राहिला तो राहिलाच. तेव्हापासून कितीही उकडो, पोरगी लांब बाह्यांत. मास्तर दरवर्षी त्या तारखेला चर्चमध्ये उभे राहून साक्ष द्यायचे, "प्रभूनं माझ्या लेकराला आगीतून ओढून काढलं!" बायका डोळे पुसायच्या. पण इस्त्री चालू ठेवून गेलं कोण, ते काही साक्षीत कधी आलं नाही. प्रार्थनेला उशीर नको म्हणून मास्तरच हातातलं कापड टाकून धावले होते.

आता लेकीचं लग्न म्हटल्यावर मास्तरांनी तिच्या संसारासाठी तीन दिवसांचा कडक उपास धरला. बुधवार ते शुक्रवार, नुसत्या पाण्यावर. ती म्हणाली, "बाबा, उपास नको, झगा वेळेवर द्या." पण ऐकतील तर ते मास्तर कसले! बुधवार गेला चर्चच्या पडद्यांत. गुरुवार गेला गायकमंडळाचे कोट सैल करण्यात, कारण गायकमंडळ दोन वर्षांत चांगलंच सुखावलं होतं. झग्याचं अंग कसंबसं शिवून झालं. बाह्या शुक्रवारवर ढकलल्या.

शुक्रवारी सकाळी उपासानं मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. उसवलेल्या झग्यातले दोनच लांब तुकडे उरले होते, त्यामुळे कापड दुहेरी घालता येत नव्हतं. एकेक बाही वेगळी कापायची होती. अशा वेळी पहिली बाही कापून झाली की कागदाचा साचा उलटा करून ठेवायचा, हे शिवण शिकायला लागून आठवडा झालेलाही सांगेल. मास्तरांनी गुणगुणत साचा तसाच ठेवला आणि कात्री चालवली. दोन बाह्या झाल्या. दोन्ही डाव्या.

चूक ध्यानात आली आणि मास्तर मटकन स्टुलावर बसले. साटीनचं एक अंग चमकतं, दुसरं मंद असतं. बाही उलटवली तर उजव्या हाताला बसणार, पण मंद अंग वर येणार. कापड तर चिंधीभरही शिल्लक नाही, आणि बाजारातून आणलं तरी ते आईच्या झग्याचं थोडंच असणार! मग मास्तरांनी जन्मभर केलं तेच केलं. गुडघे टेकले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

दुपारी मुलगी झगा घालून बघायला आली, तरी प्रार्थना चालूच. ती सवयीनं दाराशी थांबली. मग मेजावरच्या बाह्या उचलून तिनं एकीवर एक ठेवून पाहिल्या. शिंप्याची मुलगी ती, तिला काय सांगायला लागतंय?

"बाबा, उठा."

मास्तर उठले. "बाळ, यातसुद्धा प्रभूची काहीतरी योजना..."

"प्रभूला मधे आणू नका. कात्री कुणाच्या हातात होती?"

मास्तरांनी मेजावरच्या कात्रीकडे पाहिलं.

"सगळ्या जगासाठी धावता तुम्ही. माझ्यासाठी नुसते उपाशी राहता," ती म्हणाली. "मला उपास नको होता, बाबा. तुम्ही हवे होतात. एक दिवस. या मशीनवर."

मास्तर तिच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी इस्त्रीसुद्धा मीच चालू ठेवून गेलो होतो."

"माहीत आहे मला. मी तिथेच होते ना."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही साक्ष देत होतात. मधे कसं बोलणार?"

मास्तर ढसाढसा रडले. चर्चमध्ये रडायचे तसं सुरात नव्हे, तर नाक गळतंय, चष्मा धुरकटलाय, असं. "माफ कर मला," एवढंच म्हणाले. तिलाही रडू आलं. कितीही चिडली तरी बाबांवर जीव होता तिचा. मग तिनं आपला डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी जेवा. हात थरथरतायत तुमचे. माफीचं मग बघू."

"उपास संध्याकाळी सुटतो, बाळ. देवाला शब्द दिलाय."

"आणि मला?"

मास्तर जेवले. तीस वर्षांत एकही उपास न मोडलेला माणूस डबा चाटूनपुसून जेवला आणि मशीनवर बसला. मधे चर्चमधून फोन आला, फुलांच्या कमानीकडे जरा बघून जा म्हणून. "आज जमायचं नाही," मास्तर म्हणाले. पलीकडचा माणूस घाबरलाच. "मास्तर, तब्येत बरी आहे ना?" मास्तरांनी फोन ठेवला. गाणं नाही, गुणगुणणं नाही. संध्याकाळपर्यंत एकेक टाका त्यांनी जीव ओतून घातला, चार वेळा उसवला, पुन्हा घातला.

शनिवारी लग्न लागलं. उलटवून लावलेली उजवी बाही मंदच दिसत होती, आणि बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसायचं ते ढोसलंच. जेवणाआधी चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "आता मुलीचे वडील दोन शब्द बोलतील." मास्तरांचे दोन शब्द म्हणजे पाऊण तास. मंडळी खुर्च्यांत सैलावून बसली. एकीनं पोराच्या हातात बिस्किट दिलं.

मास्तर उभे राहिले. "इतकी वर्षं मी तुम्हाला साक्ष देत आलो. ती अर्धीच होती. इस्त्री मी चालू ठेवून गेलो होतो, प्रार्थनेला. प्रभूनं मला तसं सांगितलं नव्हतं, घाई माझी होती. माझ्यामुळे माझ्या लेकीचा हात भाजला. तिची मी माफी मागितली आहे. तुमच्यासमोर पुन्हा मागतो."

आणि खाली बसले. पाळकसाहेब नुसतेच घसा खाकरत राहिले.

मुलीनं उजव्या मनगटावरची बटणं सोडली, बाही कोपराच्या वर सारली आणि सगळ्यांदेखत त्या हातानं बाबांच्या ताटात वाढायला घेतलं. इतक्या मेहनतीनं बसवलेली बाही पार चुरगळली. मास्तरांनी ताट पुढे सरकवलं.