तात वाजली नाही

पिंजाऱ्याने ओरडत फिरायचं नाही, ही आमच्या घरची रीत. नेर तालुक्यातल्या एखाद्या गावात शिरायचं, गल्लीच्या तोंडाशी पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, खांद्यावरून उतरवायची आणि तिच्या ताणलेल्या दोरीवर, तातेवर, लाकडी ठोकळ्याने दोन ठोके द्यायचे. तात घुमली की बाया जुन्या गाद्या घेऊन बाहेर येत. बायको वारल्यापासून माझ्याशी बोलायला घरात कोणी नव्हतं. वर्षभराचं बोलणं मी थंडीच्या तोंडावर त्या बायांच्या ओसऱ्यांवर उरकून घ्यायचो.

साठीच्या आगेमागे उजवा कोपर धरला. जन्मभर तेच ठोके, दुसरं काय होणार! आधी चहाचा कप जड झाला, मग ओला पंचा पिळता येईना. एकाच्या सांगण्यावरून बिब्बा लावला, तर कातडी उतली आणि दुखणं होतं तिथंच राहिलं. यवतमाळच्या डॉक्टरने हात चाचपला. म्हणाला, "ठोकणं बंद. नाहीतर हात कामातून जाईल." हातासोबत माझं आणखी काय बंद होणार, हे त्याला कसं कळावं?

थंडी पडली आणि घर खायला उठलं. कापूस नाही तर नाही, माणसं तर भेटतील, असं म्हणून पिंजण खुंटीवरच ठेवून निघालो. दरवर्षी ज्या घरी सगळ्यात जास्त गप्पा व्हायच्या, त्याच दारात उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली, "बाई, हाव का घरात?"

ती बाहेर आली. माझ्याकडे पाहून पदर सावरत म्हणाली, "कोण पायजे जी?"

मला राग आला, आणि मग हसू. चूक तिची नव्हती. कापूस उडतो म्हणून माझ्या नाकातोंडावर कायम फडकं असायचं. चेहरा तिने पाहिलाच कुठे होता? आवाजही फडक्याआडूनच ऐकला होता. खांद्यावरचा पंचा मी डोळ्यांखाली धरला.

"अवं माय, पिंजारीभाऊ! तात काहून नाई वाजवली?"

"हात गेला, बाई. आता नाई पिंजत मी."

"अरेरे," ती मनापासून हळहळली. मग तितक्याच साधेपणाने तिने विचारलं, "मंग आता कायले आले जी?"

वाट तुडवत आलो तेव्हा किती बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एक वाक्य सुचेना. इतका एकटा मी घरातसुद्धा नव्हतो.

"पाणी प्यायले," मी म्हणालो.

तिने तांब्या भरून आणला. तो मी डाव्या हाताने धरला आणि तहान नसताना सगळा रिकामा केला.