झाकणाखालचं कुंकू

येरमाळा भागातली एक तक्रार निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. एक बाई लॅपटॉप पदराखाली धरून आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. हा लॅपटॉप त्याने स्वतः भाग निवडून जोडलेला. कुणीही साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडावा आणि हवा तो भाग बदलावा, अशीच त्याची रचना होती. बाईंनी तो दुकानात फक्त साफ करायला दिला होता.

"साहेब, वरून तोच हाय, पण आतून माझ्या लेकाचा न्हाय. त्यानं भरून ठेवलेला त्याचा आवाज व्हता ह्यात."

ठाणे अंमलदाराने झाकणावरची कंपन्यांची स्टिकर दाखवली. "मावशी, सगळं जागच्या जागी हाय की!" मला त्याचा रागच आला. तक्रार ऐकण्याआधीच समजूत घालणारा पोलीस मला कधी आवडला नाही.

"तुम्ही कशावरून म्हणता?" मी विचारलं.

"खंडेनवमीला म्या ह्याची पूजा कराया बसले, तर त्यानं झाकणच काढलं. म्हणला, आई, स्टिकरला काय कुंकू लावतीस, राबत्यात ते आतले. माझं बोट धरून कोरडं कुंकू एकेकाला लावलं त्यानं. आता उघडून बघितलं, तर एकालाबी न्हाय."

अंमलदार हसला. खंडेनवमीला ठाण्यातल्या रायफलींना कुंकू तोच लावायचा, याची मी त्याला आठवण करून दिली. मग त्याने मुकाट्याने तक्रार लिहून घेतली.

चार ठिकाणी विचारपूस केली, तेव्हा खबऱ्याने बातमी आणली. दुकानदार चांगले भाग काढून जुनाट बसवतो आणि नामांकित कंपन्यांची स्टिकर बाहेरून मागवून चिकटवतो. त्याला चौकशीला बोलावलं. प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "साहेब, स्टिकर बघा की, कंपनीचंच हाय." गुन्हेगार जिथे सारखं बोट दाखवतो, तिथे मी सहसा बघत नाही.

पंचांसमक्ष दुकानातले विक्रीचे लॅपटॉप उघडले. एका चकचकीत लॅपटॉपच्या पोटात मेमरी आणि हार्डडिस्क निघाली. दोन्हींवर कुंकवाचं बोट स्पष्ट उमटलेलं होतं. डिस्कमधल्या आवाजाचं काय केलंस, असं मी दुकानदाराला विचारलं.

"विकायचं म्हणून डिस्क पुसली, साहेब."

डिस्क तज्ज्ञांकडे पाठवली, पण आवाज परत मिळाला नाही. कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल बाईंच्या ताब्यात देताना हे मलाच सांगावं लागलं.

डिस्कवर धूळ बसली होती, म्हणून अंमलदाराने चांगुलपणाने फडकं उचललं. बाईंनी त्याचा हात धरला.

"पुसू नगा, दादा. हे लावताना माझं बोट त्याच्या हातात व्हतं."

त्यानंतरही मी पुष्कळांना मुद्देमाल परत दिला. पण 'तुमचं गेलेलं परत मिळालं' असं कुणाला म्हणायला माझी जीभ पुन्हा कधी वळली नाही.