जाऊबाईंचा डूख

माझ्या थोरल्या जावेबद्दल गल्लीत सगळे चांगलंच बोलतात. बोलेनात का! त्यांना कुठं तिच्या शेजारी राहायचंय? माझ्या आणि तिच्या घरात एक भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची, आणि त्या भिंतीपलीकडून या बाईनं माझ्यावर कसा सूड उगवला ते माझं मला माहीत. शिवी दिली नाही, हात उगारला नाही, आवाजसुद्धा कधी चढवला नाही. नुसती गप्प बसली.

पूर्वी ती भिंत नव्हती. एकच घर होतं, पुढं शिलाईचं दुकान आणि मागं आम्ही सगळे. मामंजी, म्हणजे आमचे सासरे, हातात कात्री घेऊनच जन्माला आलेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. थोरले दीर गोदामात नोकरीला, आमचे हे वडिलांच्या हाताखाली मशीनवर. आणि थोरली काय करायची? केर काढायची. म्हणजे मला तरी तेवढंच दिसायचं. सकाळी उठून बाई जी वाकायची ती दुपारी जेवायलाच सरळ व्हायची. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव 'कुंचा' ठेवलं होतं, कारण हातात तो नसेल तर ती ओळखूच यायची नाही. उन्हं तापायला लागली की ही गोणपाटं भिजवत बसायची, पाऊस तोंडावर आला की गच्चीवर जाऊन काहीतरी खरवडायची, थंडीत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण उचलून वर न्यायची. मी मनात म्हणायचे, बाईला दुसरा उद्योग नाही.

मग आमच्या दोघींचं स्वयंपाकघरात पटेना, आणि मामंजींनी वाटणी करायची ठरवली. सगळ्यांना दुकानात बोलावलं. पुढच्या दोन खोल्या आणि दुकान आम्हाला, कारण मशीन हे चालवतात. मामंजी आमच्याकडेच राहणार. मागच्या दोन खोल्या थोरल्यांना. त्या मागच्या खोल्या म्हणजे काय, शेजारच्या घराची भिंत इतकी जवळ की खिडकीतून हात काढला तर तिला लागेल. उन्हाचं नाव नाही.

थोरली कधी नव्हे ती बोलली. "मामंजी, पुढची एक खोली आम्हाला द्या. मागं ऊन येत नाही. इतकी वर्षं हे घर मी राखलं, एवढं तरी बघा."

मामंजींनी कापडावरून नजरसुद्धा उचलली नाही. "काय राखलंस? केर काढलास. केर कोणीही काढतं."

थोरले दीर खाली मान घालून बसले, ते तसेच. मला मात्र जरासं हसू आलं. आलं तर आलं, माणूस आहे मी. पण ते तिनं पाहिलं.

भिंत उभी राहिली त्याच संध्याकाळी मला पलीकडचं स्पष्ट ऐकू आलं. थोरली आपल्या नवऱ्याला सांगत होती, "मामंजींच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय मी मरायची नाही. घर तू राखलंस, एवढं एक वाक्य. मी भांडणार नाही, काही नाही. मी फक्त हात काढून घेतलाय. आता बघू." माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण म्हटलं, गर्जेल तो पडेल काय.

उन्हाळा आला. मला मोकळी हवा आवडते, तेव्हा मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. रस्त्यावरची सगळी धूळ आत! पलीकडं थोरली सकाळीच झडपा लावून, ओली गोणपाटं टांगून अंधारात बसायची आणि सूर्य बुडाला की घर उघडायची. मी हसायचे, म्हणायचे घुबड बसलंय बघा. पण माझ्या घरात ताटावर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. दुकानात कापडाचे तंतू, खडूची पूड. मी दिवसातून तीनदा झाडायचे, आणि मी जितकं झाडीन तितके मामंजी जास्त खोकायचे. त्यांना दमा जुनाच होता, पण इतका कधी उचलला नव्हता.

आमचे हे शेवटी पलीकडं गेले. "वहिनी, तुम्ही दुकान कसं झाडायचा हो? तेव्हा बाबांना त्रास व्हायचा नाही."

"मी?" ती म्हणाली. "मी आपला केर काढायचे भावजी. त्यात काय, कोणीही काढतं."

हे तोंडात मारल्यासारखे परत आले. ती झाडायच्या आधी लाकडाचा भुसा भिजवून फरशीवर पसरायची आणि मग सगळं एकत्र ओढून घ्यायची, म्हणजे काही उडायचं नाही, हे मला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. त्या वेळी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं थांब, तुला दाखवतेच.

आणि मी रंगारी बोलावला. पावसाच्या आधी पुढच्या दोन्ही खोल्यांना चकचकीत तेलाचा रंग लावून घेतला, पिस्त्याच्या रंगाचा. फडकं मारलं की साफ! कपाटं होती ती सरकवून भिंतीला अगदी घट्ट टेकवली, मागं धूळच जायला नको. रंगाचं काम चालू असताना थोरली दारात आली. पदराला हात पुसत तिनं भिंती पाहिल्या, खालपासून वरपर्यंत. कपाटं पाहिली. मग म्हणाली, "रंग छान निवडलास हो धाकटे. आणि कपाटं पण कशी नीट लावलीस, भिंतीला चिकटून."

तिनं केलेलं माझं पहिलं कौतुक! दोन दिवस मी हवेत होते. इतकी कशी मी बावळट?

पाऊस लागला आणि गच्चीवरची आमच्या बाजूची पन्हळ पाल्यानं तुंबली. वर तळं साचलं आणि ते पाणी भिंतीत उतरलं. आमच्या भिंती जुन्या, चुन्याच्या. त्यांना ओल बाहेर टाकायला वाट लागते, आणि मी ती वाट तेलाच्या रंगानं बुजवलेली. रंगाला हे एवढाले फोड आले. बोटानं दाबलं की आतून पाणी यायचं. घरभर कुबट वास, माणूस बाहेरून आला की नाकाला रुमाल लावायचा.

आणि एक दिवस मी कपाट उघडलं. आत माझ्या आईची गोधडी होती. आई जाण्याआधी तिच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून तिनं माझ्यासाठी शिवलेली. वापरायचेसुद्धा नाही मी, नुसती कधीतरी काढून नाकाला लावायचे. ती काळी पडली होती. बुरशीनं अशी खाल्ली होती की उचलायला गेले तर हातात चिंध्या आल्या. मी तिथंच फतकल मारून बसले आणि गळा काढून रडले. रडता रडता लक्षात आलं, पलीकडून खडखडीत वाळलेल्या कपड्यांचा वास येतोय. त्या मागच्या अंधाऱ्या खोल्यांतून!

तशीच उठले आणि तिच्या दारात गेले. "तुम्हाला माहीत होतं!"

"काय?"

"रंगारी सकाळीच फोड बघून सांगून गेला. चुन्याच्या भिंतीला हा रंग चालत नाही. पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून हातभर लांब ओढायची असतात. पन्हळ साफ करायची असते. तुम्ही उभ्या राहून बघत होता, तुम्हाला सगळं माहीत होतं!"

"होतं की," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तू हसलीस तेव्हा मी काही बोलले का?"

मी तिला खाऊ की गिळू अशी बघत राहिले. गोधडीच्या चिंध्या माझ्या हातातच होत्या. तिनं त्या पाहिल्या, आणि एक क्षण मला वाटलं की ही काहीतरी बोलेल. पण तिनं दार लोटून घेतलं. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, बाई, माझीही वेळ येईल.

मामंजींची तब्येत मात्र दिवसेंदिवस खालावत गेली. डॉक्टर म्हणाले, औषध कितीही द्या, या खोलीत यांना ठेवलंत तर उपयोग नाही. मामंजी ऐकतात कुणाचं? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पण एका सकाळी त्यांचा श्वास असा अडकला की ते स्वतःच उठले, काखेत उशी मारली आणि भिंतीला धरून धरून अंगणातून पलीकडं निघाले. आम्ही दोघं मागून धावलो.

थोरली दारात उभी. हात चौकटीला लावून.

"म्हणा," ती म्हणाली. "एकदा म्हणा, मग आत या."

मामंजींनी तोंड उघडलं. छातीतून नुसती शिट्टी वाजली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. डोळे बाहेर आलेले, ओठ निळसर. वाक्य म्हणायला श्वास लागतो हो, आणि तोच त्यांच्याकडं नव्हता!

"अहो जाऊबाई, माणूस मरतोय!" मी ओरडले. ती हलेना. मग मीच म्हटलं, देवाशपथ मी म्हटलं, "घर तुम्हीच राखलंत! बास? तुम्हीच राखलंत, आम्हाला कुणाला जमलं नाही! आता सोडा त्यांना!"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी काही मी कुणी केर टाकायला आलेली बाई आहे. "तुझ्या तोंडचं नको होतं मला," म्हणाली. पण हात चौकटीवरून काढला.

आणि तिथं मामंजी सुधारले. मागच्या त्या दोन खोल्यांत! तिनं खोलीत ना चटई ठेवली ना पडदा. फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसायची, उशीचे अभ्रे उकळायची, गादी रोज गच्चीवर नेऊन उन्हात आपटायची. मी ते सगळं दाराच्या फटीतून बघून शिकले, विचारलं एका शब्दानं नाही. बघता बघता मामंजींच्या छातीतली शिट्टी थांबली. बोलायला लागले, आणि काय काय बोलायला लागले! आमटीत मीठ जास्त आहे, शेजाऱ्याचा रेडिओ मोठा आहे, थोरल्याच्या सदऱ्याची कॉलर वाकडी आहे. सगळ्याला दम पुरायचा. ते एक वाक्य तेवढं नाही. थोरली सकाळी त्यांच्या पलंगाभोवती हळूहळू केर काढायची, मध्येच थांबायची, त्यांच्याकडं बघायची. ते छताकडं बघायचे. मला इतका आनंद व्हायचा म्हणून सांगू! म्हटलं, भोग आता.

थंडी सुरू झाली. दुपारी थोरली गच्चीवर गेली की मी मामंजींजवळ बसायचे. असंच एकदा वरून गादी आपटल्याचा धपधप आवाज येत होता. मामंजी बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "धाकटे, तिला एक सांग."

"काय मामंजी?"

"घर तिनंच राखलं म्हणावं. मी बोललो ते चुकीचं बोललो. ती झाडत होती म्हणून मी इतकी वर्षं जगलो, नाहीतर केव्हाच गेलो असतो. सांगशील?"

"तुम्हीच सांगा ना, येईलच खाली."

"तोंडावर नाही गं जमत," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "सासरा आहे मी. तू सांग."

मी मान हलवली. थोरली गादी डोक्यावर घेऊन खाली आली, आणि मी काही न बोलता माझ्या घरी गेले. म्हटलं, आज नको, उद्या. थोडी तडफडू दे अजून. त्याच आठवड्यात मामंजी झोपेतच गेले.

सगळं आटोपल्यावर थोरली माझ्याकडं आली. माझ्या आठवणीत तिला इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "धाकटे, तू दुपारी बसायचीस त्यांच्याजवळ. काही बोलले का गं माझ्याबद्दल?"

माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. मग मला त्या चिंध्या आठवल्या.

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतर बाई माझ्याशी गोड वागायला लागली. पश्चात्ताप झाला की माझ्याकडून काही काढून घ्यायचं होतं, देव जाणे. स्वतः खरवडणी घेऊन आली, माझ्या भिंतींवरचा तो पिस्ता सगळा खरवडून काढला आणि चुना लावून दिला. पन्हळ कशी साफ करायची, डांबरगोळ्या कुठल्या कपड्यांत ठेवायच्या, कुठली खिडकी केव्हा लावायची, सगळं हाताला धरून शिकवलं. आता माझं घर तिच्या घरासारखंच राहतं, बारा महिने. ऋतू बदलला की आम्ही दोघी मिळून दोन्ही घरं झाडून काढतो. आणि दर वेळी, काम अर्ध्यावर आलं की, ती विचारते.

परवा पण विचारलं. पुढच्या खोलीत केर काढत होती, थांबली. आता केस पार पिकलेत तिचे. "धाकटे, आठव ना नीट. एवढंसं काही? चांगलं नाही तर वाईट?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मग नसतीलच बोलले," ती म्हणाली. कुंचा भिंतीला टेकवला आणि होती तिथंच खाली बसली. अर्धी खोली झाडायची राहिलेली असताना त्या बाईला बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बसली ती बसलीच, समोरच्या केराकडं बघत.

उरलेली अर्धी खोली मी झाडून काढली, कोपऱ्यांसकट. सांगितलं मात्र नाही.