लिनसाहेबांची दोन बोटं

“टेबल ठोकून कुत्र्याला बोलावतात, माणसाला नाही,” असं नबील एकदा म्हणाला होता. दापोलीचा नबील आखातात, खैतानमधल्या चिनी कंपनीत अकरा वर्षं चहा देत होता. नवे लिनसाहेब आले आणि नबीलनं पेला भरला की दोन बोटांनी टेबल ठोकू लागले. त्याला ते सहन होईना, म्हणून त्यानं राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी ऑफिसातल्या मुक्ताताई म्हणाल्या, “अहो नबीलभाई, चहा ओतणाऱ्याचे आभार मानायची ती रीत आहे त्यांची!”

“मग तोंडाला काय झालं होतं?”

एव्हाना त्याच्या जागी दुसरा माणूस ठरला होता. रागवावं की माफी मागावी, हेच त्याला कळेना. तेवढ्यात लिनसाहेबांनी येऊन स्वतः किटली उचलून नबीलसाठी पेला भरला. पेल्याला हात न लावता, एक शब्दही न बोलता नबील बाहेर पडला.